आईला लस घ्यायला लावली, चुकलं का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. एप्रिल २०२१ मध्ये तुम्ही आईंना, त्यांच्या मनात नसताना, कोविशील्ड घ्यायला लावलीत. तेव्हा त्यांचं वय ६१, मधुमेह बारा वर्षांचा. धाकट्या भावानं, वय २४, जुलैमध्ये तीच लस घेतली. पत्नीला पाचवा महिना होता आणि गरोदर बायकांना तेव्हा लस देत नव्हते. मे महिन्यात तिला कोविड झाला, नऊ दिवस ऑक्सिजनवर काढून ती घरी आली. मग २०२४ च्या एप्रिलअखेरीस बातमी आली की मूळ लस बनवणाऱ्या ॲस्ट्राझेनेका कंपनीनं इंग्लंडमधल्या कोर्टात रक्ताच्या गुठळ्यांची कबुली दिली. तेव्हापासून आई दर सहा महिन्यांनी डी-डायमर (रक्तात गुठळी झाली असेल का, याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) करून घेतात, साधं डोकं दुखलं तरी घाबरतात, आणि शब्दाला शब्द लागला की म्हणतात, "तूच मला टोचायला लावलंस." त्यात गल्लीतला ३८ वर्षांचा धडधाकट माणूस क्रिकेट खेळताना कोसळला आणि गेला. तुम्ही विचारताय, तेव्हा माझं चुकलं का, आणि उद्या दुसरी साथ आली तर घरच्यांसाठी कसं ठरवायचं?

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सत्तावीस वर्षं फिजिशियन आहे. २०२१ चा उन्हाळा सकाळी ओपीडी, दुपारी लसीकरणाचं सत्र आणि रात्री कोविड वॉर्ड असा गेला. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. आईंनी लस घेतली हे बरोबर झालं. ती ज्या रीतीनं घ्यायला लावली, त्यात चूक झाली. आणि त्या चुकीत आम्ही डॉक्टरही वाटेकरी आहोत. आता असं का म्हणतो ते सांगतो.

लसीपुढे उभं राहिलेल्या माणसाला वाटतं, एकीकडे सुई आहे आणि दुसरीकडे काहीच नाही. नको म्हटलं की विषय संपला. साथ नसताना हे बऱ्याच अंशी खरंही असतं. साथीत मात्र दुसऱ्या बाजूला आजार उभा असतो आणि तो दारात येऊन ठेपलेला असतो. १८ एप्रिल २०२१ ला एकट्या महाराष्ट्रात एका दिवसात ६८ हजारांवर नवे रुग्ण नोंदले गेले. ६ मेला देशाचा आकडा चार लाखांच्या पुढे होता. आमच्याकडे त्या आठवड्यांत ऑक्सिजनचा बेड मिळावा म्हणून लोक रिक्षात बसून रात्र काढत होते. त्यामुळे "लस घेऊन काय होईल" एवढाच प्रश्न विचारून भागत नव्हतं. "या वयात, या तब्येतीत, या महिन्यात मला हा आजार गाठला तर काय होईल" हा प्रश्न त्याच्या शेजारी ठेवायला लागत होता. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली की निर्णय बहुतेक वेळा आपोआप दिसतो. आणि तो प्रत्येकासाठी एकच नसतो. तुमच्या घरात तो तिघांसाठी तीन तऱ्हेचा होता, म्हणून एकेकाचं बघू.

आधी आई. गुठळ्यांची भीती तेव्हाही होती, आणि ती खोटी नव्हती. ७ एप्रिल २०२१ ला युरोपच्या औषध नियामकानं ॲस्ट्राझेनेकाच्या लसीनंतर क्वचित होणाऱ्या गुठळ्या हा दुष्परिणाम म्हणून नोंदवला. कोविशील्ड म्हणजे तीच लस, पुण्यात सीरममध्ये बनलेली. त्याच दिवशी इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या सांख्यिकी तज्ज्ञांचा एक तक्ता प्रसिद्ध झाला. मी तो छापून टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. त्यात हिशोब असा होता की एक लाख लोकांना लस दिली, तर सोळा आठवड्यांत किती जण आयसीयूत जायचे वाचतील आणि किती जणांना लसीमुळे गुठळ्यांचा गंभीर त्रास होईल. साठ ते एकोणसत्तर वयात, संसर्ग कमी असताना, वाचणारे १४.१ आणि त्रास होणारे ०.२. संसर्ग भरात असताना वाचणारे १२७.७, त्रास होणारे तेवढेच, ०.२. तुमच्या आईंना वर मधुमेह होता आणि आपल्याकडे तेव्हा दुसरी लाट चढत होती. हा निर्णय मला आज विचारलात तरी मी तोच देईन, आणि तोही लगेच.

लस किती वाचवते याचा आपल्याकडचा पुरावाही थोड्याच दिवसांत आला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं आपल्या हजारो कर्मचाऱ्यांचा हिशोब मांडला. दोन डोस घेतलेल्यांमध्ये दाखल व्हायची वेळ ७७ टक्क्यांनी, ऑक्सिजन लागायची ९२ टक्क्यांनी आणि आयसीयूची ९४ टक्क्यांनी कमी झाली होती. हे आकडे नीट बघा. जसजसा आजार गंभीर, तसतसं लसीचं काम जास्त. संसर्ग मात्र ती पूर्ण रोखत नव्हती. पुढे ओमायक्रॉनच्या वेळी लस घेतलेल्यांनाही घरोघर सर्दी-ताप झाला आणि लोक म्हणाले, मग घेऊन काय उपयोग झाला? शेतकऱ्याला मी एवढंच सांगायचो: बांध घातला म्हणून पाऊस पडायचा थांबत नाही, पण माती वाहून जात नाही.

आता भाऊ. इथे माझं उत्तर तेवढं ठाम नाही. त्याच तक्त्यात वीस ते एकोणतीस वयाची ओळ बघा: संसर्ग कमी असताना वाचणारे ०.८, त्रास होणारे १.१. म्हणजे साथ ओसरलेली असेल आणि माणूस पंचविशीतला निरोगी असेल, तर या विशिष्ट लसीचा तोल दुसरीकडे जात होता. म्हणूनच इंग्लंडनं तिशीखालच्यांना दुसरी लस द्यायचं ठरवलं आणि महिन्याभरात ती मर्यादा चाळिशीपर्यंत नेली. पण संसर्ग भरात असताना त्याच वयाचा आकडा ६.९ विरुद्ध १.१ होतो. लस तीच, वय तेच, गावातली साथ वेगळी, म्हणून उत्तर वेगळं. शिवाय इंग्लंडकडे दुसऱ्या लसी हाताशी होत्या. आपल्याकडे दुसरी होती ती मुख्यतः कोव्हॅक्सिन, आणि ती त्या दिवसांत मिळायची मारामार. जुलै २०२१ मध्ये तुमचा भाऊ माझ्याकडे आला असता तर मी त्याला विचारलं असतं, घरात कोण आहे, काम कुठे करतोस, कोव्हॅक्सिन मिळतेय का? मिळत असेल तर ती घे म्हणालो असतो. मिळत नसेल आणि घरात मधुमेही आई नि बाळंतपणाचे दिवस भरत आलेली वहिनी असेल, तर कोविशील्ड घे म्हणालो असतो. पण त्याला हा तक्ता दाखवून, आणि पुढचा महिनाभर कशावर लक्ष ठेवायचं ते कागदावर लिहून देऊन.

भारतात हा त्रास किती झाला? १७ मे २०२१ ला केंद्राच्या समितीनं जाहीर केलं की कोविशील्डनंतर गुठळ्यांच्या २६ संभाव्य घटना आढळल्या, दहा लाख डोसमागे ०.६१. त्या वेळी इंग्लंडचा आकडा ४ आणि जर्मनीचा १० होता. आपल्याकडे खरोखर कमी झालं असेल. पण आपल्याकडची नोंद मला ठाऊक आहे. खेड्यात लसीनंतर बाराव्या दिवशी एखाद्याचं डोकं फुटायची वेळ आली आणि तो गेला, तर प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी, या त्रासात त्या घटतात) मोजायला त्याला कुणी नेलंच असेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यामुळे निर्णय घेताना मी इंग्लंड-जर्मनीचे आकडे धरायचो. ते धरूनही तुमच्या आईंचं उत्तर बदलत नाही.

पत्नीचं प्रकरण मला सगळ्यात जास्त लागतं, कारण तसं एक माझ्याही हातून घडलंय. मेच्या पहिल्या आठवड्यात सहा महिन्यांची गरोदर असलेली एक शिक्षिका माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, माझी निवडणुकीची ड्यूटी झाली, शाळेत विलगीकरण कक्ष आहे, मला लस द्या ना." परवानगी नव्हती. सरकारनं गरोदर स्त्रियांना लस खुली केली ती २ जुलैला. मी तिला म्हणालो, "बाळंतपण होऊ दे, मग बघू." परवानगी नाही एवढंच सांगायला हवं होतं. त्याऐवजी थांबण्यात जणू काही धोका नाही अशा सुरात मी बोललो, आणि ती निर्धास्त होऊन गेली. तीन आठवड्यांनी ती वॉर्डात आली. ती वाचली, बाळ गेलं. आपल्याकडच्या गरोदर रुग्णांच्या नोंदवहीत, मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेनं ठेवलेल्या, पहिल्या लाटेत मृत्यूचं प्रमाण ०.७ टक्के होतं आणि दुसऱ्या लाटेत ५.७ टक्के. हे आकडे जूनमध्ये हाती आले. माहिती नव्हती म्हणून थांबलो होतो आणि आजार थांबला नव्हता. "अजून माहिती नाही, थांबू" हाही एक निर्णय असतो आणि त्याचीही किंमत असते, हे मी त्या बाईंकडून शिकलो. तुमच्या पत्नीला लस न मिळणं ही तुमची चूक नव्हती. ते ओझं उतरवून ठेवा.

आता रीतीबद्दल. आमच्या सत्राची एक दुपार सांगतो. कोविशील्डच्या एका कुपीत दहा डोस. एकदा उघडली की चार तासांत संपवायची, उरलेलं फेकायचं. म्हणून सिस्टर दहा माणसं जमेपर्यंत कुपी उघडायच्या नाहीत. साडेचार वाजले होते, बाकावर आठ जण होते, आणखी दोघांना आणायला आशाताई वस्तीवर गेल्या होत्या. रांगेतल्या पहिल्या आजी, सत्तरीच्या, डोक्यावरचा पदर दातात धरून बसलेल्या. मला म्हणाल्या, "डागदर, काय व्हत न्हाई न्हवं?" मी घाईत होतो. म्हणालो, "काही होत नाही आजी, मुंगी चावल्यासारखं." त्या रात्री आजींना १०२ ताप आला, अंग ठणकलं, त्यांनी घर डोक्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी त्या ठणठणीत होत्या. पण पुढच्या सत्राला त्या वाडीतलं एक माणूस आलं नाही. आशाताईंना लोक म्हणाले, "डागदर खोटं बोलला." ते बरोबर बोलत होते.

त्यानंतर मी वाक्य बदललं. "ताप येईल, अंग दुखेल, दंड जड होईल, दोन दिवसांत उतरेल, पॅरासिटामॉल चालेल. अर्धा तास इथं बसा, अंगावर गांध्या उठल्या किंवा घसा आवळला तर लगेच हाक मारा, इंजेक्शन या ट्रेमध्ये भरून ठेवलंय. आणि पुढचे तीन-चार आठवडे कधी न दुखलेलं डोकं सतत दुखायला लागलं, दिसायला अंधुक झालं, दम लागला, पोटात कळा थांबेनात, एक पाय सुजला, किंवा टोचलं तिथं सोडून दुसरीकडे कातडीवर बारीक लाल ठिपके आले, तर रात्री दोनलाही माझ्याकडे या." हे सगळं ऐकून काही जण उठून गेले. पण जे बसले त्यांनी दुसऱ्या डोसला घरच्यांना आणलं. मे महिन्यात एक गवंडी अकराव्या दिवशी डोकं धरून आला. प्लेटलेट मोजल्या, त्या नेहमीसारख्या होत्या, अर्धशिशी निघाली. तो आला याचं मला समाधान होतं, कारण खरी केस असती तर लवकर येण्यानंच जीव वाचला असता. लसीनंतरचा हा गुठळ्यांचा आजार झालेल्यांपैकी साधारण पाचातला एक इंग्लंडमध्ये दगावला. तिथल्या डॉक्टरांना तो ओळखता येऊ लागला, तसे पुढचे रुग्ण जास्त वाचले.

तुमच्या आईंना हे वाक्य कुणी सांगितलं होतं का? तुमच्या लिहिण्यावरून वाटतं, नाही. तुम्ही म्हणालात "घे, सगळे घेतायत", आणि केंद्रावर कुणीतरी "काही होत नाही" म्हणालं. तीन वर्षांनी टीव्हीवर गुठळ्यांची बातमी बघताना त्यांना पहिल्यांदा कळलं की असं काही असतं. त्यांना राग लसीचा आलेला नाही. आपल्यापासून काहीतरी लपवलं, याचा राग आहे. त्या रागाला जागा आहे.

कोर्टातल्या कबुलीचं खरं काय ते आता त्यांना तुम्हीच सांगा. कंपनीनं कागदावर लिहून दिलं की अतिशय क्वचित प्रसंगी लसीनं हा त्रास होऊ शकतो. ही गोष्ट वैद्यकीय नियतकालिकांत एप्रिल २०२१ मध्येच छापून आली होती आणि नियामकांनी तेव्हाच नोंदवली होती. वकिलाच्या कागदावर ती उशिरा आली, म्हणून बातमी नवी वाटली. आणि मुद्द्याची गोष्ट अशी की हा त्रास लसीनंतर साधारण चौथ्या दिवसापासून महिन्याभराच्या आत होतो. शरीर लसीला उत्तर देताना, क्वचित कुणाच्या बाबतीत, प्लेटलेटच्याच एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि त्यातून गुठळ्या होतात. तो काळ सरला की लसीची ती भीती सरली. तुमच्या आईंची ती खिडकी २०२१ मध्येच बंद झाली. दर सहा महिन्यांच्या डी-डायमरचा काही उपयोग नाही. तो गुडघा सुजला तरी वाढतो, सर्दी-ताप झाला तरी वाढतो, आणि नुसतं वय वाढलं तरी वाढतो. वाढलेला आकडा बघून त्या आणखी घाबरतील आणि लॅबचं बिल भरतील.

गल्लीतल्या तरुणाचं. मी त्याला तपासलेलं नाही, त्यामुळे तो कशानं गेला हे मी सांगणार नाही. फक्त एक लक्षात घ्या. गल्लीतल्या सगळ्यांनी लस घेतल्यावर गल्लीतला प्रत्येक मृत्यू लस घेतल्यानंतरचाच असणार. त्यानं लस कारण ठरत नाही आणि निर्दोषही ठरत नाही. त्यासाठी गेलेल्यांची जिवंत असलेल्यांशी तुलना करावी लागते. ती आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं केली. देशभरातल्या ४७ रुग्णालयांतून, १८ ते ४५ वयाचे, आधी धडधाकट असलेले आणि अचानक गेलेले लोक घेतले आणि त्याच वयाच्या, त्याच भागातल्या जिवंत माणसांशी ताडून पाहिले. लस घेतल्यानं धोका वाढलेला दिसला नाही. दोन डोस घेतलेल्यांमध्ये तो उलट कमी दिसला. वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच निघाल्या: कोविडनं रुग्णालयात दाखल झालेलं असणं, घराण्यात असा अचानक मृत्यू झालेला असणं, मृत्यूच्या आदल्या दोन दिवसांत बेसुमार दारू किंवा अतिश्रमाचा व्यायाम. आपल्याकडे पस्तिशी-चाळिशीतले हार्ट ॲटॅक मी २०२० च्या आधीपासून बघतोय. तेव्हा आम्ही तंबाखू, न तपासलेलं बीपी आणि साखर याबद्दल बोलायचो, आता कुणी ते ऐकायला तयार नाही, याची मला काळजी वाटते.

लोकांचा विश्वास उडायला सरकारी घोळही कारण झाला, हे मान्य करायला हवं. कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर आधी चार ते सहा आठवडे, मार्चमध्ये सहा ते आठ, १३ मेला बारा ते सोळा. अंतर वाढवलं की संरक्षण चांगलं मिळतं याला परदेशी चाचणीचा आधार होता. पण त्याच आठवड्यात केंद्रांवर लसच नव्हती, आणि महाराष्ट्रानं १८ ते ४४ वयाचं लसीकरण थांबवलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, सांगितली फक्त पहिली. कोव्हॅक्सिनला ३ जानेवारीला परवानगी दिली तेव्हा तिसऱ्या टप्प्याचे निकाल हाती नव्हते. ते जुलैमध्ये आले, चांगले आले. पण आधी परवानगी आणि मग निकाल हा क्रम मला तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही.

आता उद्याचं. दुसरी साथ आली, नवी लस आली, तर मी माझ्या घरात कसं ठरवीन ते सांगतो. आधी आजार बघीन: तो कुणाला मारतोय? कोविड म्हाताऱ्यांना मारत होता. उद्याचा एखादा लहान मुलांना मारेल, मग सगळा हिशोब उलटेल. मग साथ बघीन, म्हणजे माझ्या तालुक्यात पुढच्या दोन-तीन महिन्यांत तो गाठण्याची शक्यता किती. मग लस: किती हजारांवर चाचणी झाली, निकाल छापून आलेत का, आणि माझ्या आधी किती लोकांनी घेतलीय. लसींचे गंभीर दुष्परिणाम बहुतेक सहा आठवड्यांच्या आत दिसतात, म्हणून काही लाख लोकांना देऊन दोन महिने झाले असतील तर माझा भरवसा बराच वाढतो. याला अपवाद आहे. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत युरोपात वापरलेल्या एका लसीनंतर काही मुलांना अनावर झोपेचा विकार जडला आणि तो फिनलंड नि स्वीडनमध्ये लक्षात यायला २०१० चा उन्हाळा उजाडला. त्यामुळे मुलांच्या बाबतीत, आजार त्यांना फारसा त्रास देत नसेल, तर मी घाई करणार नाही. साठीपुढच्या मधुमेही माणसाच्या बाबतीत, आजार त्यांनाच उचलत असेल, तर मी वाट बघणार नाही. आणि दुसरी लस उपलब्ध असेल तर वयानुसार कोणती, हेही विचारीन. हा हिशोब दर महिन्याला बदलतो, म्हणून "लशीच्या बाजूचे" आणि "लशीच्या विरोधातले" असे दोन गट पडले की मला वाईट वाटतं. एप्रिलमध्ये ज्याला घे म्हटलं, त्यालाच पुढच्या वर्षी चौथ्या डोसाबद्दल "तुम्हाला गरज नाही" असं मी सांगितलेलं आहे.

माझ्याकडे एक भाजीवाले यायचे, अठ्ठावन्न वर्षांचे, बीपी आणि वजन जास्त. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, "अक्षयतृतीया होऊ द्या डॉक्टर, आंब्याचा धंदा आहे, दोन दिवस ताप परवडायचा नाही." ३ मेला ते गेले. अक्षयतृतीया १४ मेला होती. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, लस घेऊनही ते गेले असते असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पण त्यांनी मला विचारलं तेव्हा मी "बरं, बघा" म्हणून पुढचा पेशंट घेतला. दहा मिनिटं बसून तक्ता दाखवला नाही. तुम्ही आईंच्या बाबतीत जास्त दाबलंत, मी भाजीवाल्यांच्या बाबतीत दाबलंही नाही आणि समजावलंही नाही. समजावण्याची जागा दोन्हीकडे रिकामीच राहिली.

जबरदस्तीचा मुद्दा आपल्याकडे जुना आहे. १८९६-९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात सोल्जर घराघरांत घुसून माणसं विलगीकरणाला नेत होते, देवघरात बूट घालून शिरत होते. त्याचा शेवट २२ जून १८९७ ला प्लेग अधिकारी रँडवरच्या जीवघेण्या हल्ल्यात झाला. त्याच वर्षी मुंबईत वाल्डेमार हाफकिननं प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारीला पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावात एका दूषित बाटलीमुळे धनुर्वात होऊन १९ माणसं गेली. हाफकिनला कामावरून दूर केलं, निर्दोष ठरायला त्याला वर्षं लागली. म्हणजे लसीनं माणूस दगावल्याची घटना खरी, लसीनं हजारो वाचले हेही खरं, आणि लोकांनी हात पुढे केला तो स्वतःच्या दंडावर आधी सुई घेणाऱ्याकडे बघून. परळच्या संस्थेला आज त्याचंच नाव आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही २ मे २०२२ ला स्पष्ट सांगितलं की कुणालाही लस घ्यायची सक्ती करता येणार नाही. हा निर्णय आला तेव्हा माझे काही सहकारी नाराज झाले. मला तो पटला. ज्याच्या दंडात सुई जायची, हो म्हणायचा हक्क त्याचाच.

तर आईंसाठी आत्ता काय करायचं? एका संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा आणि सांगा की तेव्हा मी तुला सगळं सांगितलं नव्हतं, मलाही सगळं माहीत नव्हतं, तुला विचारायला हवं होतं. मग गुठळ्यांचा तो महिनाभराचा काळ कधीच मागे पडलाय हे सांगा. डी-डायमर बंद करा, त्या पैशात दर तीन महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) करा, लघवीतलं प्रथिन आणि डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासा. सोळा वर्षांच्या मधुमेहात त्यांच्या हृदयाला धोका आहे तो साखरेचा आणि बीपीचा.

आणि लसीचा एक निर्णय आजही त्यांच्यापुढे आहे. पासष्टीच्या मधुमेही माणसाला फ्लूची लस दर वर्षी आणि न्यूमोनियाची लस घ्यावी असं आम्ही सुचवतो. त्यांच्या डॉक्टरांकडे तुम्ही सोबत जा, पण तुम्ही बोलू नका. आईंना विचारू द्या: फायदा किती, त्रास कोणता, नाही घेतली तर काय. डॉक्टर "काही होत नाही" म्हणाले तर त्यांना परत विचारायला सांगा. मग घरी येऊन दोन दिवस जाऊ द्यात. घेते म्हणाल्या तर घेतील. नको म्हणाल्या तर या वेळी नको.